चौदा नंबरचं कुलूप

भास्कर, काल तुझी पेटी उघडली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला ओरडायचं असेल तर एकदाचा ओरडून घे. कुलूप तोडलं नाही. किल्लीने काढलं, दोन साक्षीदारांसमोर, आपल्याच नियमाप्रमाणे. फक्त एक ओळ सोडून. त्या ओळीवर मी येतोच, पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय. तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि त्याआधी अकरा दिवस आपण बोलत नव्हतो. एवढं सगळं साचलंय.

तुझ्यासाठी मेंटेनन्सच्या खोलीत सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "भास्कर फार शिस्तीचा माणूस होता," आणि खाली बसलो. दुसरं काय सांगणार होतो? की या शिस्तीच्या माणसाने उझबेकिस्तानची चौदा दिवसांची सहल दोन वर्षं आखली, चौघांची तिकिटं काढली, आणि विमानात बसायला पाच आठवडे राहिले असताना स्वतःच्या टोकरखाड्याच्या घरात सकाळी चहाचा कप हातात धरून गेला? लोकांना वाटलं मला रडू आलं म्हणून मी बसलो. मला राग आला होता. अजून आहे.

आठवतं का, हे खूळ तुझ्या डोक्यात कशाने शिरलं? तिकडचा एक व्यापारी आपल्या कारखान्यात धागा बघायला आला होता. त्याने मार्गिलानच्या रेशमाचा एक रुमाल टेबलावर ठेवला. तू भिंग लावून तो पाऊण तास बघत बसलास. आपण दोघं एकोणीस वर्षं धाग्याची मशिनं सांभाळणारे, मिनिटाला शेकडो मीटर, आणि तू त्या हातच्या विणीपुढे हरखून गेलास. "नाशिककर," तू म्हणालास, "एक धागा चुकेल नही भो. हे जाऊन बघनं पडी." तुझी अहिराणी फक्त फार आनंद झाला किंवा फार राग आला की बाहेर पडायची. दुसऱ्या दिवशी तू शाळेतल्या मुलांचं नकाशांचं पुस्तक विकत घेऊन आलास.

मला वाटलं होतं दोन दिवसांत ओसरेल. कारण सुट्टी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक कुठे होतं? दिवाळीत कारखाना बंद, सगळे गावाला, आणि आपण दोघं मशिनच्या पोटात. वर्षाचं शटडाऊन तेवढंच. लग्नाचा पंचविसावा वाढदिवससुद्धा तू बेअरिंग बदलण्यात घालवलास. पण या वेळी तू हटला नाहीस. तू सहलीचंही शटडाऊन केलंस. मोठा तक्ता केलास: काम, वेळ, जबाबदार माणूस, पर्यायी माणूस, स्पेअर. स्पेअरच्या रकान्यात चष्मे, चपला, माझ्या मंगलच्या गुडघ्याचा पट्टा, सगळं दोन-दोन. आणि जबाबदार माणूस, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत: भास्कर. पर्यायी माणूस: भास्कर. मी म्हटलं, "अरे शहाण्या, स्वतःलाच स्वतःचा पर्याय कसा ठेवतोस?" तू म्हणालास, "दुसऱ्यावर सोडलं की घोळ होतो." हा टोमणा मला होता आणि तो का होता हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

हॉटेलं तू तुझ्या ईमेलवरून घेतलीस, पासवर्ड तुझ्या डोक्यात. व्हिसाचे कागद, पावत्या, सगळं छापून तुझ्या फायलीत. "मोबाइलवर भरवसा नाही," म्हणे. तुझ्यावर मात्र सगळ्यांनी ठेवायचा. ठेवला, आणि काय झालं बघ.

आपलं खरं भांडण होतं वाळवंटाचं. तुला शहरं हवी होती. समरकंदच्या तीन मदरशांचा चौक, बुखाऱ्याचे छत घातलेले बाजार, खिव्याची मातीची तटबंदी. विटा कशा बांधल्या, निळ्या फरशा कशा भाजल्या, यावर तू जेवणाच्या सुट्टीत व्याख्यानं द्यायचास. मला एवढंच हवं होतं, की दोन दिवस माणसाने बांधलेलं काहीही दिसू नये. किझिलकुमची वाळू, अयदारकुलचं तळं, एखादा उंट. आयुष्यभर शेडचे पत्रे बघितले मी. दोन दिवस मागितले होते चौदातले, जास्त नव्हतं रे.

"रानटीच बघायचं असेल तर वासोण्याला जा," तू म्हणायचास. "तिकीट काढ, जाळीच्या गाडीत बस, सिंह बघ, जेवायला घरी ये."

आणि मग तुझी ती ट्रायल. शटडाऊनच्या आधी आपण रंगीत तालीम करतो, तशी सहलीचीही करायची म्हणून चौघांना भरलेल्या बॅगांसकट दुधनीच्या तळ्यावर नेलंस. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर बॅगा मोजल्यास. खिव्यात आत गाडी जात नाही म्हणून गाडी वरच ठेवायला लावलीस आणि तळ्याच्या काठापर्यंत बॅगा ओढत चालवलंस. नाववाला आमच्याकडे बघतच राहिला. "राहायला आलात काय साहेब? आमच्याकडं खोल्या नाहीत," म्हणाला. मंगल आणि सुमनवहिनी हसून हसून खाली बसल्या. तू घड्याळ बघत होतास.

परत येताना चढ होता. तू दोनदा थांबलास. घाम आला होता, ओठ कोरडे पडले होते. मी विचारलं काय झालं. तू म्हणालास, "बॅगचं चाक जाम होतंय."

आणि आपण दोघांनी काय केलं? दोन मेंटेनन्सच्या माणसांनी? रस्त्याच्या कडेला बॅग उलटी केली. तू दगडावर बसलास आणि मी चाक तपासलं. बोटाने फिरवलं, कान लावला, गाडीतून तेलाची कुपी आणून दोन थेंब सोडले. चाक छान फिरत होतं, भास्कर. आधीही छान फिरत होतं. मी तुला तसं म्हणालोसुद्धा, "चाकाला काही झालेलं नाही." तू म्हणालास, "मग आता ठीक झालं असेल." आणि मी ते मान्य केलं! कशात बिघाड नाही म्हटल्यावर बिघाड दुसरीकडे शोधायचा, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तुझी बॅग मी वरपर्यंत आणली आणि तुला बोलून दाखवलं, की वजन जास्त भरलंस. त्या दिवसाचा विचार आला की मला माझीच लाज वाटते.

त्यानंतर चार दिवसांनी मी तो उद्योग केला. तू रजेवर होतास, फाइल टेबलावर होती. मी तक्त्यातले बुखाऱ्याचे दोन दिवस कापले आणि तिथे अयदारकुल लिहिलं. जबाबदार माणूस: श्रीकांत. माझं नाव त्या तक्त्यात एकदा तरी यावं, बस्स. तू आलास, बघितलंस. फाइल पत्र्याच्या पेटीत घातलीस, पेटीला तुझं मशिनचं कुलूप लावलंस आणि त्यावर ती लाल पाटी: 'काम चालू आहे. हात लावू नये. भास्कर.' सगळ्या खोलीसमोर. सहलीच्या कागदाला मशिनचं कुलूप! जयेश फोरमन तोंड फिरवून हसला. मी मात्र पेटलो, कारण तू ते कुलूप माझ्याविरुद्ध लावलंस असं मला वाटलं. आणि ते कुलूप म्हणजे काय, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

चौदा वर्षांपूर्वी तू तीन नंबरच्या मशिनमागे, पंख्याच्या मोठ्या डक्टमध्ये उतरला होतास. कुणी मशिन चालू करू नये म्हणून स्विचला तुझं चौदा नंबरचं कुलूप होतं. उत्पादनवाले माझ्या डोक्यावर बसले होते. तुझी डब्याची पिशवी खुंटीवर दिसली नाही, म्हणून मी समजलो तू जेवायला गेलास. जादा किल्लीने तुझं कुलूप काढलं आणि बटण दाबलं. पंख्याने जेमतेम वेग घेतला असेल, तेवढ्यात तू आतून पत्रा बडवलास आणि जयेशने लाल बटण मारलं. तू बाहेर आलास तेव्हा केसांत धाग्याचा भुगा, अंगभर तेल. तू शिवी दिली नाहीस. म्हणालास, "पहिले इचार ना भो, मी आत शे का?"

आणि मग तूच माझी लेखी तक्रार केलीस. मी महिनाभर तुझं तोंड बघितलं नाही. पण नियम तू मला घेऊन बसून लिहिलास, शब्द न शब्द. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. तो सापडत नसेल तर जागेवर उभं राहून तीनदा नावाने हाक मारायची, मोबाइल लावायचा, घरी विचारायचं, दोन साक्षीदार घ्यायचे. आणि फॉर्मच्या शेवटी, खास माझ्यासाठी, ती ओळ: 'कुलूप लावणारी व्यक्ती आत नाही, याची मी स्वतः खात्री केली आहे.' खाली सही.

तेव्हापासून या कारखान्यात कुणाच्या बोटालाही काही झालेलं नाही. याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले. एकदा तोंडावर आलं होतं, तुझ्या मुलीच्या लग्नात, पण तू जिलेबी वाढणाऱ्याला रांग कशी लावायची ते शिकवत होतास.

म्हणून पेटीवर ते कुलूप बघितल्यावर मला वाटलं, चौदा वर्षं झाली तरी हा माझ्यावर विश्वास ठेवत नाही. अकरा दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. कामाचं सगळं जयेशच्या मार्फत. बाराव्या दिवशी सकाळी मंगल म्हणाली, "आज तरी बोला हो त्यांच्याशी. लहान मुलांसारखं काय चालवलंय." मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत बघतो. अर्ध्या तासाने वहिनींचा फोन आला.

हॉस्पिटलमधून वहिनींना एक पाकीट मिळालं. घड्याळ, अंगठी आणि गळ्यातला काळा दोरा, त्यात चौदा नंबरची किल्ली. झोपतानाही काढायचा नाहीस म्हणे.

तुझं टेबल रिकामं करायला वरून सांगितलं तेव्हा जयेश कुलूप कापायला कटर घेऊन आला. "साहेब, आ ताळुं कापी नाखुं?" एवढंच विचारलं त्याने, आणि मी त्या भल्या माणसावर असा ओरडलो की पलीकडच्या शेडमधून माणसं आली. नंतर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला बी नाय जमला असता, साहेब."

मी ठरवलं होतं, सहल रद्द. मंगललाही ते पटलं. तेराव्यानंतर वहिनींना सांगायला आम्ही टोकरखाड्याला गेलो. तुझे मोठे बंधू अमळनेरहून आलेले, बसलेले. मी सुरुवात केली, की आता तिकिटांचं बघतो मी, तुम्ही काळजी करू नका. वहिनी म्हणाल्या, "काय बघता?"

"रद्द करतो ना, वहिनी."

"मनं तिकीट रद्द करू नका, भाऊ."

बंधू म्हणाले, लोक काय म्हणतील, माणूस जाऊन महिना-दीड महिन्यात विमानात बसायचं म्हणजे. त्यावर वहिनी, ज्या तुझ्यासमोर कधी मोठ्याने बोलल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "दोन वरीस जेवताना मी समरकंद ऐकेल शे. भाजीत मीठ कमी शे का जास्त, ते सांगत नव्हते, पण कोणत्या दिवशी कोणत्या गाडीनं जायचं ते सांगत. मले समदं पाठ शे. आता मी ते न पाहता मरू का?" आणि त्यांनी गळ्यातून तो काळा दोरा काढून माझ्यासमोर ठेवला. "कागदं त्या पेटीत शेत ना? काढा."

मी म्हणालो, वहिनी, हे त्याचं कुलूप आहे, मला काढता येत नाही. मंगलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. पण वहिनींना कळलं. त्या म्हणाल्या, "मग काय करनं पडतं, ते करू."

म्हणून काल त्या कारखान्यात आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत. जयेश आणि वहिनी साक्षीदार. मी पेटीसमोर उभा राहिलो आणि तुला हाक मारली. मशिनं चालू होती, म्हणून ओरडूनच मारावी लागली. भास्कर. थांबलो. भास्कर. थांबलो. भास्कर. मग नियमाप्रमाणे तुझा मोबाइल लावला, आणि तो वहिनींच्या पर्समध्ये वाजला. त्या रोज चार्ज करतात. त्यांनी पर्स उघडली नाही, पूर्ण वाजू दिला. जयेश खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मग किल्ली लावली.

फाइल जशीच्या तशी. माझं अयदारकुल तू खोडलं नव्हतंस. बुखाराही परत लिहिलं नव्हतंस. दोन्हींच्या मध्ये पेन्सिलीने बारीक लिहिलं होतंस, 'तळ्यापासून दवाखाना चार तास. बघू.' आणि फायलीच्या शेवटी, शटडाऊननंतरच्या कामांची यादी आपण जिथे लावतो तिथे, 'परत आल्यावर' असा कागद: गिझरची कॉइल. गाडीचे टायर. मुलीकडे जाणे. छातीची तपासणी. आणि त्या कागदाला टाचणीने लावलेली वापीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, दुधनीच्या चार दिवसांनंतरची. त्यात लिहिलं होतं, तपासणी ताबडतोब करा, प्रवास टाळा. 'ताबडतोब'खाली डॉक्टरांनी दोनदा रेघ मारली होती.

त्या रजेच्या दिवशी तू कुठे होतास ते मला काल कळलं. कुलूप माझ्यासाठी नव्हतंच. ती चिठ्ठी कुणाच्या हाती लागू नये म्हणून होतं. आणि मी मूर्ख अकरा दिवस मानापमान करत बसलो.

काय रे हे? कुठल्याही मशिनने एवढा आवाज केला असता तर तू पाच मिनिटं चालू दिलं असतंस? उत्पादनवाल्यांच्या अंगावर गेला असतास. आणि स्वतःला टायर आणि गिझरच्या रांगेत उभं केलंस! जबाबदार: भास्कर. पर्यायी: भास्कर. मला सांगितलं असतंस तर मी तुला उचलून नेलं असतं, तिकिटं फाडली असती. तेच नको होतं तुला, कळलंय मला. पण मला ते मान्य नाही. कधीच होणार नाही.

वहिनींनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. मग मी लिहिलेली अयदारकुलची ओळ बघून म्हणाल्या, "हे तळं कोणतं?" मी सांगितलं. म्हणाल्या, "मग तिथं जाऊ."

मी म्हटलं, नको वहिनी, बुखारा बघू, त्याला बुखारा हवं होतं. तर त्या ऐकेनात. तुला सांगतो, तुझी बाजू घेऊन मी अर्धा तास भांडलो. छत घातलेले बाजार, विटांचा मनोरा, तुझी सगळी व्याख्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली. हरलो. एक दिवस बुखारा, एक दिवस तळं, असं ठरलंय. मार्गिलानचे विणकर तुझ्या वेळेप्रमाणे, पहिल्याच आठवड्यात. तुझ्या तिकिटाचं काय करायचं ते अजून कुणी बोललं नाही. तुझी बॅग मी नेणार आहे, तिचं चाक चांगलं आहे.

शेवटी फॉर्म. जयेशने सही केली. वहिनींनी केली, पूर्ण नाव लिहून, तुझ्या नावासकट. मग त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. सगळ्या रकान्यांत मी खुणा केल्या. हाक मारली, हो. मोबाइल लावला, हो. घरी विचारलं, हो. मग तुझी ती ओळ आली. मी पेन धरून बसून राहिलो. वहिनी म्हणाल्या, "करा सही, भाऊ. नाहीत ते आत."

एकदा मी नीट न बघता ठरवलं होतं, की तू आत नाहीस. ती ओळ मी कोरी ठेवून फॉर्म फाइलला लावला आहे. कर माझी तक्रार.